पाड्यावरचे पाहुणे

दिवाळीची सुट्टी सरली, थंडी पडू लागली की नाशिकच्या महाविद्यालयांना खेड्यांची आठवण होते. सकाळी सात-साडेसातच्या सुमारास गिरणारे फाट्यावर किंवा पेठ रस्त्यावर उभे राहिल्यास या दिवसांत एक-दोन तरी बसगाड्या हमखास दिसतात. पुढच्या काचेवर शिबिराचा फलक, टपावर सतरंज्या आणि पातेली, खिडक्यांतून बाहेर डोकावणारे उत्साही चेहरे. याच वेळी उलट दिशेने, हरसूल-पेठकडून नाशिककडे जीप आणि टेम्पो येत असतात. त्यांत दाटीवाटीने बसलेली वनवासी कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला निघालेली असतात. गिरणाऱ्याला मजुरांचा बाजार भरतो, तेथून ती दिंडोरी-निफाडकडच्या बागांत पांगतात. म्हणजे ज्यांची सेवा करण्यासाठी आपले विद्यार्थी पाड्याकडे चालले आहेत, ती माणसे पाडा सोडून निघाली आहेत आणि दोन्ही गाड्या वाटेत एकमेकींना ओलांडून जातात. शिबिरांच्या तारखा ठरविणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट अजून आलेली दिसत नाही.

हा विषय आजच घेण्याचे एक कारण आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर, ही तिची चौकट आपल्या दोन पिढ्यांच्या परिचयाची आहे. आजवर मात्र त्या योजनेत नाव नोंदविणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरताच हा मामला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समुदाय सहभाग आणि क्षेत्र प्रकल्प यांना पदवीच्या अभ्यासक्रमातच श्रेयांक मिळाले. ज्याला आवड आहे तो जाईल, ही सोय संपत चालली असून गावात जाऊन आल्याचा दाखला गुणपत्रिकेला जोडला जाणार आहे. धोरण स्वागतार्हच आहे. परंतु श्रेयांक लागले की संख्या वाढते, संख्या वाढली की सोय पाहिली जाते, आणि सोयीचे गाव म्हणजे डांबरी रस्त्यालगतचे, जवळ एखादा किल्ला किंवा धबधबा असलेले गाव. त्र्यंबक तालुक्यातील काही पाड्यांवर एकाच हिवाळ्यात तीन-तीन शिबिरे होतात आणि सुरगाण्याच्या आडवळणाच्या पाड्यांवर वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, हे चित्र आम्ही स्वतः पाहिले आहे.

पाश्चात्त्य देशांत सेवा आणि साहस यांची ही जोडी बरीच जुनी आहे. अमेरिकेने १९६१ साली शांतिसेना उभारली. तिचे तरुण स्वयंसेवक १९७६ पर्यंत आपल्या देशातही येत होते. ब्रिटनमध्ये १९८४ साली 'ऑपरेशन रॅले' सुरू झाले. त्यात तरुणांच्या तुकड्या दूरच्या देशांत जाऊन काही आठवडे जंगल तुडवीत आणि काही आठवडे गावकऱ्यांसाठी पूल, शाळा बांधीत. या उपक्रमांमागची तळमळ खोटी म्हणता येणार नाही. पुढे मात्र त्याचा बाजार झाला. शाळा संपल्यावर आणि विद्यापीठात जाण्यापूर्वी उष्ण कटिबंधातील एखाद्या गरीब देशात पंधरा दिवस 'सेवा' करावी, उरलेले दिवस नदीत नाव वल्हवावी, प्रवाळ पाहावेत, असा सगळा कार्यक्रम ठरावीक शुल्कात मिळू लागला. कंबोडियात तर याने भयावह वळण घेतले. अनाथालयांत स्वयंसेवा करायला येणारे परदेशी पाहुणे वाढले, तशी अनाथालयेही वाढत गेली. तेथील मुलांपैकी चारांतील तिघांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असल्याचे नंतर उघडकीस आले. पाहुण्यांना सेवा करण्यासाठी अनाथ हवे होते, म्हणून अनाथ तयार करण्यात आले! अखेरीस २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घ्यावी लागली.

हे परक्यांचे दोष दाखवून समाधान मानण्यासाठी लिहिलेले नाही. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. ज्या उष्ण कटिबंधात येण्यासाठी युरोपातील मुले पैसे मोजतात, त्यातच आपण जन्मलो, वाढलो. तरीही कॉलेज रोडवर वाढलेल्या किती मुलांनी सावळघाट ओलांडून पलीकडचा मुलूख पाहिला आहे? पेठ गाव नाशिकपासून जेमतेम पंचावन्न-साठ किलोमीटर. पण तेथे पोहोचणारा आपला विद्यार्थी पुष्कळदा त्या परदेशी पाहुण्याच्याच नजरेने पाहतो. त्याच्यासाठी पाडा मागासलेला असतो, माणसे 'बिचारी' असतात, आणि आपण द्यायला आलेलो असतो.

वस्तुतः हा मुलूख समजून घ्यायचा तर आधी त्याचे कोडे समजून घ्यावे लागते. नाशिक शहरात वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेकडच्या येवला-सिन्नरच्या वाट्याला त्याहूनही कमी येतो. पेठ-सुरगाण्यात मात्र हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो आणि इगतपुरीत त्याहून बराच वर. जेथे आभाळ इतके कोसळते तेथे चैत्र-वैशाखात बायका अर्धी रात्र विहिरीच्या काठावर काढतात. झऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. काही ठिकाणी जीव मुठीत धरून विहिरीच्या कडेने खाली उतरतात. कारण स्पष्ट आहे. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर, आणि उतार असा की पडलेले पाणी नार, पार, दमणगंगेच्या वाटेने पश्चिमेकडे गुजरातेत आणि तेथून समुद्रात निघून जाते. अंगणात कोसळलेला पाऊस चार महिन्यांत परमुलखात जातो आणि त्याच्यामागून माणसेही द्राक्षबागांच्या दिशेने निघतात.

या प्रश्नाला बाहेरच्यांनी घाईने दिलेले उत्तर कसे ठरते, याचा दाखला त्र्यंबक तालुक्यातच आहे. खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्यातील बायका तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे घेऊन, पाण्यासाठी ये-जा करीत. त्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकली, राज्यभर हळहळ व्यक्त झाली आणि शासनाने तत्परता दाखवून २०२२ च्या जानेवारीत तेथे लोखंडी पूल उभारला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो पूल वाहून गेला आणि बायका पुन्हा बल्ल्यांवर आल्या. पूल उभारणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. पण आषाढात तास नदी किती चढते, हे त्या घळीकाठी जन्म काढलेल्या माणसांना नक्कीच ठाऊक असणार. शिवाय मूळ अडचण नदी ओलांडण्याची नव्हती. पाणी पलीकडे होते, ही अडचण होती.

हे आम्ही दूरस्थपणे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात 'मान्यवर' म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला. महाविद्यालयाचे आणि पाड्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. साठएक मुले-मुली होती. तीन दिवस त्यांनी मनापासून घाम गाळला आणि नाल्यावर वनराई बंधारा घातला. मोहन धारिया यांच्या 'वनराई'ने घरोघरी पोहोचविलेली ही साधी युक्ती आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंडे शिवायची आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवीत त्या रचायच्या. मुलांच्या तळहातांना फोड आले होते. शेवटच्या दिवशी आम्ही श्रमप्रतिष्ठेवर भाषण केले, टाळ्या झाल्या, बंधाऱ्यावर उभे राहून छायाचित्र निघाले. ते आमच्या टेबलाच्या काचेखाली पुष्कळ दिवस होते.

पुढे वैशाखात दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो असता मुद्दाम वाकडी वाट करून पाडा गाठला. बंधारा कोरडा होता. गोण्या उन्हाने जिरल्या होत्या, अर्ध्या फुटून माती ओघळली होती. पाड्यातील एक वयस्कर गृहस्थ सावलीत बसले होते. त्यांनी ओळखले, गूळ-पाणी दिले. पाणी किती लांबून आणले असेल, हे तोंडाला तांब्या लावल्यावर ध्यानात आले. आम्ही बंधाऱ्याविषयी विचारले तेव्हा ते संकोचून म्हणाले, "पोरं लई चांगली होती, साहेब. पण बांध घातला तिथं खाली खडकाला चीर आहे. पाणी थांबत नाही तिथं. आमचे म्हातारे वरच्या वळणावर घालायचे." मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितले, असे विचारता ते म्हणाले, "पाहुण्यांना कसं सांगायचं? आणि विचारलं बी नाही कुणी."

पावसाळा आल्यावर त्या फाटक्या गोण्यांचे तुकडे वाहून खालच्या भातखाचरांत गेले आणि आवणीच्या वेळी बायकांनी ते चिखलातून वेचून काढले, हेही नंतर कळले. म्हणजे आमच्या सेवेचा निस्तार पाड्याला करावा लागला. जी जागा चार वाक्यांत विचारून कळली असती, ती ठरविली होती शहरातून आलेल्या एका प्राध्यापकांनी, आणि ती निवडण्याचे एक कारण तेथपर्यंत बस जात होती हे होते. बंधाऱ्याचे कामही पौषात निघाले होते. वास्तविक पाऊस ओसरल्यावर नाल्याला धार असते, त्या आश्विन-कार्तिकातच गोण्या पडल्या पाहिजेत. पौषापर्यंत निम्मे पाणी निघून गेलेले असते. पण आश्विनात महाविद्यालयात परीक्षा असतात!

आता साहसाकडे वळू. या शिबिरांना जोडून हल्ली एक दिवस गिरिभ्रमणासाठी राखलेला असतो आणि त्यात गैर काहीच नाही. नाशिककरांना तर सह्याद्रीने हात सैल सोडून दिले आहे. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज घरालगत. सुमारे १५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. त्याच्या पायथ्याशी १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात धूळ चारली आणि २०२५ च्या जुलैत 'मराठा लष्करी भूप्रदेशां'च्या नामावलीतून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली भोसला सैनिकी विद्यालय याच शहरात काढले. शरीर कणखर असलेला, संकटात न डगमगणारा तरुण घडविण्याचा विचार या मातीत नवा नाही.

परंतु साहस कशाला म्हणावे? हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांवरून चढताना शहरातील मुलाचे पाय लटपटतात. वर पोहोचल्यावर तो धन्य होतो, चित्रफीत पाठवितो. त्याच पायऱ्यांवरून निरगुडपाड्याकडची एखादी पोर पाण्याचा कॅन आणि लिंबांची पिशवी घेऊन सकाळीच वर गेलेली असते. तिने दिलेले सरबत पिऊन तो ताजातवाना होतो. तिच्या चढण्याला मात्र कोणी साहस म्हणत नाही. हरिहरवर इतकी झुंबड उडू लागली की वन खात्याला गर्दीवर निर्बंध घालावे लागले, हा आपल्या साहसाचा आणखी एक प्रकार.

हरसूल भागातील सावरपाड्याची कविता राऊत याच वाटांवर पाण्यासाठी धावली. प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली नाशिकमध्ये ती घडली. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळविले, त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन ती धावली. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवरील वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. अशा मुलखात साहस 'शिकवायला' जाणाऱ्यांनी आधी तेथे काही शिकून घ्यावे, हे उत्तम.

शिकून न घेतल्यास काय होते, हे २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर दिसले. अचानक पाणी वाढून वीसहून अधिक पर्यटक पलीकडे अडकले, एक जण वाहून गेला. नाशिकच्या गिर्यारोहकांनी रात्री-अपरात्री दोर लावून बाकीच्यांना बाहेर काढले. घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो, हे तेथील गुराखी मुलालाही कळते. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून संस्थांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम लागू केले. ते पाळले जावेत. मात्र शिबिर नेणाऱ्या प्राध्यापकाने दोन गोष्टी तरी पदरी बांधाव्यात. 'वैनतेय'सारख्या जाणत्या गिर्यारोहण संस्थेचे अनुभवी लोक बरोबर असल्याशिवाय मुलांना कड्यावर नेऊ नये आणि गावचा वाटाड्या 'आज नको' म्हणाला तर परत फिरावे. त्याला त्याच्या दिवसाची मजुरीही द्यावी. सेवाभावाच्या नावाखाली वाटाड्याला फुकट राबविणारी शिबिरे आम्ही पाहिली आहेत.

यापेक्षा वेगळ्या वाटेने गेलेले लोक आपल्याकडे होऊन गेले आहेत. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत साठच्या दशकाच्या अखेरीपासून तरुण येत राहिले. ते उपकारकर्ते म्हणून येत नसत, राबणारे हात म्हणून येत. ज्यांना समाजाने टाकले होते त्या कुष्ठमुक्तांच्या पंगतीला बसत. तोच धागा पुढे १९८५-८६ च्या कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' सायकल यात्रेत दिसला. विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी १९६६ साली आरंभिलेला 'अंतरराज्य छात्र जीवन दर्शन' हा उपक्रम तर आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ईशान्येकडील मुले-मुली महाराष्ट्रात आली ती वसतिगृहांत किंवा धर्मशाळांत उतरली नाहीत. ती घराघरांत राहिली, त्या घरच्या आईच्या हातचे जेवली. मणिपुरात म्यानमारच्या सीमेलगतच्या गावात शिक्षक होऊन राहिलेले भैयाजी काणे यांनी तेथील मुले शिकण्यासाठी महाराष्ट्रात आणली, ती मराठी बोलू लागली. येथे पाहुणा कोण आणि यजमान कोण, ही रेघ पुसट होते. जाणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्यांचे आपल्याकडे येणे.

नाशिकच्या शिबिरांत नेमके हेच घडत नाही. आपण पाड्यावर जातो, तेथे ओसरीवर झोपतो, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन तिची तोंडभरून स्तुती करतो. पण त्याच पाड्यातील मुलगा पोलीस भरतीसाठी किंवा परीक्षेसाठी नाशिकला येतो तेव्हा तो बसस्थानकाच्या बाकावर रात्र काढतो. ज्या साठ विद्यार्थ्यांना त्याच्या आईने वाढले, त्यांच्यापैकी एकाच्याही घराचा पत्ता त्याच्याकडे नसतो. मग कुठला समुदाय आणि कसला सहभाग? आमच्या परिचयाच्या अनेक कुटुंबांत मुले पुण्या-बंगळुरूला गेल्याने एक खोली रिकामी असते. महाविद्यालयाने शिबिराला जाताना पालकांकडून संमतिपत्र घेतले जाते. त्यातच एक ओळ वाढवावी की शिबिराच्या पाड्यावरील एका विद्यार्थ्याला वर्षातून चार दिवस आमच्या घरी उतरवून घेऊ. किती पालक सही करतील, हे पाहण्याची आम्हाला खरोखर उत्सुकता आहे.

श्रेयांकांचे हिशेब मांडणाऱ्या विद्यापीठांनीही तारखांचा हट्ट सोडायला हवा. पाड्याला हातांची गरज असते ती आषाढात, आवणीच्या वेळी, पावसात भिजत चिखलात वाकण्यासाठी. त्यानंतर आश्विन-कार्तिकात, बांध-बंधाऱ्यांसाठी. वाघबारस, डोंगऱ्यादेवाचा उत्सव या दिवसांत पाडा आपल्या घरी असतो, आपल्या देवांजवळ असतो. तेव्हा गेलेल्या मुलाला ही माणसे 'बिचारी' वाटणार नाहीत. तो त्यांचा नाच पाहील, रात्रभर जागेल आणि त्यांच्या श्रद्धेच्या व आपल्या आजीच्या श्रद्धेच्या मुळांतील सारखेपणा त्याला कोणी न सांगता दिसेल. शिबिर सात दिवसांचेच असले पाहिजे असेही नाही. तेच सात दिवस तीन ऋतूंत वाटून, तेच विद्यार्थी त्याच पाड्यावर तीनदा गेले तर चालणार नाही काय? आणि महाविद्यालयाने एक पाडा धरला तर निदान पाच वर्षे सोडू नये. दरवर्षी नवे गाव दत्तक घेणे ही कोणती दत्तकविधीची रीत!

कामाची नोंदही दोन ठिकाणी असावी. अहवालाची एक प्रत विद्यापीठाकडे जाते, दुसरी पाड्याकडे राहावी आणि पुढल्या वर्षी आलेल्या तुकडीने आधी ती पाड्यातील बायकांसमोर वाचून दाखवावी. बायकांसमोर मुद्दाम म्हणतो, कारण पाणी त्या भरतात. बंधारा उपयोगी पडला की नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यांच्या अभिप्रायावर श्रेयांक द्यायचे ठरले तर पुष्कळ अहवालांचे वजन एका दिवसात उतरेल.

त्या वयस्कर गृहस्थांकडे आम्ही मागच्या वर्षी आश्विनात पुन्हा गेलो होतो. बरोबर दुसऱ्या एका महाविद्यालयाची अकरा मुले होती. फलक नव्हता, भाषणही ठेवले नव्हते. पहिल्या दिवशी कोणीही फावड्याला हात लावला नाही. गृहस्थ काठी टेकीत पुढे आणि मुले मागे, अशी सगळी वरच्या वळणापर्यंत चालत गेली. तेथे जुन्या दगडी बांधाच्या खुणा होत्या. त्यांनी काठीने रेघ ओढून दाखविली आणि गोण्या किती लागतील ते सांगितले. त्या आमच्याकडे होत्या त्यापेक्षा चाळीस जास्त निघाल्या. मुलांपैकी दोघे त्या आणण्यासाठी दुपारच्या गाडीने हरसूलला गेले.